दारफळणीचा सण

यहुदी धर्मात तिश्री महिन्याची दहावी तारीख सर्वांत पवित्र. हा ‘योम किप्पूर’, प्रायश्चित्ताचा दिवस. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सुरू होणारा हा निर्जळी उपवास सुमारे २५ तास चालतो.

आमच्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्यांच्याकडे तेव्हा प्रार्थनामंदिर नव्हते. पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून ते घरातच उपवास पाळीत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. त्या दिवशी गोरगरिबांना दान देत आणि एकमेकांच्या भेटी घेत.

हाईम केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला या समाजाचा इतिहास १९३७ साली छापला गेला. त्यातले शब्द वाचून आम्ही थबकलो. नववर्षानंतरच्या उपवासाला ‘नव्याचा रोजा’, तर एलूल महिन्यातील उपवासांना चक्क ‘रमजान’! मुंबईत १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेल्या सिनेगॉगलाही लोक ‘मशीद’च म्हणत. जवळच्या रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

हे नाते केवळ शेजाराचे नाही. इ. स. ६२२ मध्ये हिजरत करून पैगंबर (स.) मदिनेत आले, तेव्हा तिथले यहुदी आशुराचा उपवास करीत होते. मूसा (अ.) यांच्या सुटकेची ती आठवण आहे, हे कळल्यावर त्यांनी स्वतः रोजा ठेवला आणि अनुयायांनाही सांगितला, असे हदीसमध्ये आहे. आशुरा म्हणजे दहावा दिवस. अनेक अभ्यासक त्याचा संबंध योम किप्पूरशी जोडतात. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला.

उपवासामागचा विचारही ओळखीचाच आहे. यहुद्यांचा ‘मिश्ना’ हा ग्रंथ सांगतो की, ईश्वराविरुद्धची पापे या दिवशी धुतली जातात. परंतु माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाचे समाधान केले पाहिजे. आमच्याकडे यालाच ‘हक्कुल-इबाद’ म्हणतात. माणसाचा हक्क बुडवला, तर त्या माणसाकडूनच माफी घ्यावी लागते.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. थोडी इथेच राहिली. आज यहुदी म्हटले की आम्हाला फक्त युद्ध आठवते. पॅलेस्टाईनवरील अन्यायाविरुद्ध आम्ही जरूर बोलावे. पण तो राग अलिबागच्या शेजाऱ्यावर काढणे, हेही माणसाचा हक्क बुडवणेच आहे. उपवासाला ‘रोजा’ म्हणणारा हा शेजारी आमच्या इतिहासाचा भाग आहे. आमच्या मुलांना तो माहीत असला पाहिजे.