ठिबक संचातील बॉल व्हॉल्व्ह : गळती ओळखणे आणि देखभाल

ठिबक संचात फिल्टर आणि ड्रीपरची काळजी बहुतेक शेतकरी घेतात. व्हॉल्व्हकडे (बोलीत ‘वॉल’ किंवा ‘कॉक’) मात्र तो तुटेपर्यंत लक्ष जात नाही. तुटलेला व्हॉल्व्ह निदान दिसतो. बंद असूनही आतून थोडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह दिसत नाही, आणि नुकसान तोच जास्त करतो. डाळिंबाचा एक प्लॉट ताणावर आणि शेजारचा पाण्यावर असेल, तर अशा गळतीने ताण नीट बसत नाही. शेजारी सोडलेले विद्राव्य खतही ताणावरील झाडांपर्यंत पोचते.

बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार छिद्र असलेला गोळा दोन टेफ्लॉन कड्यांमध्ये (सीट) बसवलेला असतो. हँडल पाइपला समांतर असेल तर चालू, आडवे असेल तर बंद. मध्ये फक्त पाव फेरा. अर्धवट उघडा ठेवल्यास पाणी आणि बारीक वाळू कड्यांच्या एकाच भागावर वेगाने घासते व तिथूनच पुढे गळती लागते. दाब कमी करण्यासाठी सबमेनचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवण्याची सवय म्हणूनच सोडावी. जादा दाब पंपाजवळच्या बायपासने कमी करावा.

गळती तपासण्यासाठी शेजारचा प्लॉट चालू ठेवावा. संशय असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून त्याच्या सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडावा. आधी साठलेले पाणी निघून जाईल. त्यानंतरही धार किंवा थेंब सुरूच राहिले, तर पाणी व्हॉल्व्हमधून येत आहे. पंप बंद करून व्हॉल्व्ह काही वेळा उघड-बंद करावा, मग पाणी सोडून धुऊन घ्यावा. अडकलेला कचरा कधी कधी एवढ्यानेही निघतो. युनियन असलेला व्हॉल्व्ह खोलून गोळा व कडी पाहता येतात. चिकटवलेला साधा व्हॉल्व्ह कापूनच बदलावा लागतो. थोडी जास्त किंमत देऊन युनियनचा घेणे मला तरी परवडणारे वाटते.

बसवताना सॉल्व्हंट सिमेंट बेताने लावावे. जादा सिमेंट आत ओघळले तर गोळा चिकटतो, आणि पहिल्याच वापरात हँडल तुटते.

पाळी बदलताना आधी पुढचा व्हॉल्व्ह उघडावा, मगच चालू असलेला सावकाश बंद करावा. झटक्यात बंद केल्यास पाण्याचा दणका बसून जोड निखळतात. सर्व व्हॉल्व्ह बंद असताना पंप चालवू नये. वीज रात्री येत असेल आणि ऑटो स्टार्टर असेल, तर निघताना एक प्लॉट उघडा आहे ना, हे पाहावे.

उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून व्हॉल्व्हवर गोणपाट किंवा झाकण ठेवावे. हंगामात न वापरलेले व्हॉल्व्हही महिन्यातून एकदा फिरवावेत. जाम झालेल्या हँडलला पाइप लावून जोर देऊ नये.