पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना

फोरॅमिनिफेरा गटातील लुप्त, तरंगती एकपेशीय सागरी जाती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी क्रिटेशस कल्पाच्या अखेरीस डायनोसॉरांबरोबर सागरी प्लवकांचीही प्रचंड हानी झाली. त्यानंतर लगेच साचलेल्या थरांत ही जाती सापडते. काही लाख वर्षांतच ती नाहीशी झाली. अल्पायुषी असल्यामुळेच कालनिर्णयासाठी ती अमोल ठरते.

हान्सपीटर लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा यांनी १९६४ मध्ये इटलीतील मध्य ॲपेनाइन्सच्या चुनखडकांवरून तिचे वर्णन केले. जातिनाम गुब्बिओ या गावावरून आले. कवच चुनामय, चक्राकार वेढ्यांत रचलेल्या फुगीर कप्प्यांचे असून सहसा ०.१५ मिमी.हून लहान असते. नव्या जातीच्या वर्णनात कप्प्यांची मांडणी, मुखछिद्राचा आकार, कवचभिंतीचा पोत आणि जवळच्या जातींपासूनचे वेगळेपण नोंदवतात. जातिनामाचा आधार ठरणारा मूळ नमुना संग्रहालयात जपतात. प्रथम ही जाती ग्लोबिजेरिना प्रजातीत होती. पुढे प्रजाती बदलली, तरी जातिनाम टिकले.

गुब्बिओच्याच क्रिटेशस-अखेरच्या सीमाथरातील मातीत इरिडियमचे असाधारण प्रमाण आढळले आणि १९८० मध्ये ही जीवहानी अशनिपातामुळे झाल्याचा सिद्धांत मांडला गेला. तिथे थरांची सीमा आधी या सूक्ष्म कवचांनीच दाखवली होती, हे विसरता येत नाही. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ दख्खनच्या लाव्हाथरांमधील सागरी गाळातही याच काळातील फोरॅमिनिफेरा मिळाले असून, त्यांच्यामुळे तेथील ज्वालामुखी उद्रेकांचा काळ ठरवता आला.