आराखडा विलीजचा, सही फोर्डची

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी गाड्या हौसेनं जपणारी मंडळी एकत्र जमली, की एक प्रश्न हमखास निघतो : 'या गाडीचा पार्ट त्या गाडीला बसतो का?' वरवर हा गॅरेजमधला प्रश्न. मला मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटतो. कारण आघाडीवर पेट्रोल, दारूगोळा आणि शिधा वेळेवर पोचणार की नाही, हे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरत असे.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या जीपचंच उदाहरण घेऊ. अमेरिकी लष्कराच्या दप्तरी जीपची नोंद 'पाव टनी ट्रक' अशी होती. तिचा पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये बँटम या छोट्या कंपनीनं तयार करून दिला. एवढीशी कंपनी हजारो गाड्या कशा पुरवणार, अशी शंका लष्कराला आली. म्हणून बँटमचे आराखडे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवण्यात आले आणि तिघांना प्रत्येकी १,५०० गाड्यांचं काम मिळालं.

दुरून पाहिलं तर या तिन्ही गाड्या सख्ख्या बहिणी वाटाव्यात. बॉनेट उघडलं, की मात्र नातं संपे. बँटमला कॉन्टिनेन्टल कंपनीचं इंजिन, फोर्डला त्यांच्याच शेतीच्या ट्रॅक्टरवरून बेतलेलं, तर विलीजला स्वतःचं ६० अश्वशक्तीचं. एकीचं इंजिन बिघडलं तर शेजारी उभ्या असलेल्या दुसरीचा काही उपयोग नाही.

यातून लष्करानं धडा घेतला. १९४१ च्या मध्यात विलीजचा आराखडा प्रमाण ठरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोर्डनं त्याच आराखड्याप्रमाणे जीप बनवायचा करार केला. फोर्डसारख्या बलाढ्य कंपनीनं प्रतिस्पर्ध्याचं इंजिन आपल्या कारखान्यात बनवायचं, ही साधी गोष्ट नव्हती. फोर्डच्या गाडीच्या 'जीपीडब्ल्यू' या नावातला 'डब्ल्यू' विलीजचाच. तरी फोर्डनं आपला मान राखलाच. अनेक भागांवर, अगदी बोल्टाच्या माथ्यावरही, त्यांनी आपला 'एफ' उमटवला. दोन्ही जीपमध्ये थोडे फरक राहिले. चासीची पुढची आडवी पट्टी विलीजमध्ये नळीसारखी गोल, तर फोर्डमध्ये उलट्या पन्हळीसारखी. याउलट, फोर्डनं पत्रा दाबून केलेली पुढची स्वस्त जाळी विलीजनंही उचलली. पण इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल एकमेकींना बसत. दोघींची दुरुस्तीपुस्तिका एक आणि लष्कराच्या सुट्या भागांच्या यादीतला क्रमांकही एकच. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक जीप निघाल्या. दोन मोडक्या जीपमधून एक चालती गाडी उभी करणं मिस्त्रीच्या हातात आलं.

सगळीकडे असं जमलं नाही. अमेरिकेचा अडीच टनी जीएमसी ट्रक पाहा. १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये धावलेल्या 'रेड बॉल एक्स्प्रेस' या रसदमार्गाचा भार मुख्यतः त्याच्यावरच होता. पण या एकाच ट्रकला दोन प्रकारचे अ‍ॅक्सल येत. एकाची पेटी मधोमध जोडलेली, दुसऱ्याची बँजोच्या आकाराची. एकाचे आतले भाग दुसऱ्याला चालत नसत. त्यामुळे एका ट्रकसाठी कोठारात दोन संच ठेवणं आलं. स्टुडबेकरचा याच वजनाचा ट्रक होता. त्याचं इंजिन वेगळं. अमेरिकेनं ते ट्रक बहुसंख्येनं सोव्हिएत रशियाला दिले आणि आपल्या फौजेसाठी जीएमसी ठेवले. मित्राला मदत झाली आणि घरची कोठारंही सुटसुटीत राहिली.

जर्मनीची कथा उलटी आहे. ट्रकचे शंभरावर प्रकार १९ वर आणायची योजना तिथे युद्धापूर्वीच आखली होती. पण ती पुरी होण्याआधीच युद्ध पेटलं आणि जिंकलेल्या देशांतल्या गाड्या फौजेत भरती झाल्या. १९४१ मध्ये रशियात शिरलेल्या जर्मन फौजेकडे वाहनांचे सुमारे २,००० प्रकार होते, असं इतिहासकार मार्टिन व्हान क्रेव्हेल्ड यांनी लिहिलं आहे. एवढ्या प्रकारांचे सुटे भाग हजार मैल दूर पुरवायचे कसे?

मात्र एकसारखेपणाचीही किंमत असते, आणि ती कुणीतरी मोजतो. इथे ती बँटमनं मोजली. जीपला जन्म देणाऱ्या या कंपनीला तीन हजारही जीप करायला मिळाल्या नाहीत. पुढे तिच्या वाट्याला जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. लष्कराचा हिशेब बरोबर होता, पण न्याय झाला असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी ज्या जीप जोडायला घेतल्या, त्या याच विलीजच्या वंशातल्या. आज संग्राहक आपल्या गाडीतला प्रत्येक बोल्ट 'एफ'चाच असावा म्हणून जिवाचं रान करतात. त्यांची हौस मला समजते. पण १९४४ मधल्या मिस्त्रीला विचारलं असतं, तर बोल्टावर काय लिहिलंय यापेक्षा तो बसतो की नाही, एवढंच त्यानं पाहिलं असतं. विलीजच्या चासीवर फोर्डचं इंजिन बसवलेली एखादी जीप दिसली, तर तिला भेसळ म्हणू नका. ती ज्यासाठी घडवली होती, ते काम तिनं चोख केलं आहे.