आपले कोण, परके कोण?

माझ्या धाकट्या बहिणीची बोटे आमवाताने वाकली आहेत. “माझेच रक्त माझे वैरी झाले, दादा,” असे ती हसत म्हणते. ते हसू मला पाहवत नाही. शरीराला आपपरभाव शिकवतो तरी कोण? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. तरी त्याचा इतिहास शोधू लागलो.

१८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याला सोन्याच्या क्षाराने रंगवलेल्या कातडीत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्या त्याला मज्जापेशी वाटल्या. पुढे १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोहन यांनी उंदराच्या प्लीहेतील अशाच पेशींना ‘डेंड्रिटिक’, म्हणजे वृक्षासारख्या, असे नाव दिले.

या पेशी जंतूंचे तुकडे टी-पेशींना दाखवून त्यांना लढायला उठवतात. पण २००१ साली निराळेच दिसले. उंदरांच्या या पेशींकडे, दाहाची चाहूल नसताना, कोंबडीच्या अंड्यातले प्रथिन पोचवले. ते ओळखणाऱ्या टी-पेशी बहुतेक नाहीशा झाल्या, उरलेल्या स्वस्थ बसल्या. म्हणजे लढाई शिकवणारा गुरूच सबुरीही शिकवतो!

३० सप्टेंबर २०११ रोजी स्टाइनमन कर्करोगाने गेले. तिसऱ्या दिवशी, ती वार्ता नसलेल्या समितीने त्यांना नोबेल जाहीर केले आणि नंतरही ते कायम ठेवले.

ही सबुरी आमवाताच्या रोग्यांत परत आणण्याचे प्रयोग झाले आहेत. घरोघर पोचेल असे औषध मात्र अजून नाही. भाऊबीजेला बहीण तबक दोन्ही हातांनी धरते. मी पाट थोडा पुढे सरकवतो.