विळ्याच्या आकाराची पेशी आणि संगणकापुढचे एक जुने कोडे

१/ दोन प्रथिने एकमेकांना नेमकी कुठे आणि कशी बिलगतील, हे आज संगणक सांगू पाहतो. या शास्त्राच्या आरंभीच्या पानांवर जे कोडे आहे, ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातील माणसांच्या रक्तातही आहे. त्याचे नाव सिकलसेल.

२/ भारतात या विकाराची नोंद १९५२ मध्ये झाली. निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. २००२ मधील एका आढाव्यानुसार माडिया, परधान, भिल्ल, पावरा आदी समाजांत या जनुकाचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. यांतील बहुतेक जण केवळ वाहक असतात. वाहकाला हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले.

३/ १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रम यांनी तो नेमका हेरला. बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहावे बदललेले असते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते.

४/ व्हॅलीन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की शेजारच्या रेणूवर एक खोबण उघडी होते आणि व्हॅलीन तीत जाऊन बसते. रेणूला रेणू जोडत लांब तंतू तयार होतात, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते.

५/ मग हे रेणू एकमेकांशेजारी नेमके कसे रचले जातात? १९७५ मध्ये सायरस लेव्हिन्थॉल, शोशाना वोडाक आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न संगणकापुढे ठेवला. प्रथिनांची जुळणी गणनेने शोधण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक. १९७८ मध्ये वोडाक आणि जोएल जानँ यांनी पद्धत पुढे नेली. त्याच वाटेवर पुढे अल्फाफोल्ड आले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेलही.

६/ याच काळातील दुसरे चित्र पाहा. १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. रेणूंच्या जुळणीचे गणित परदेशात मांडले जात होते, तेव्हा येथे साध्या दवाखान्याची नुकती सुरुवात होत होती.

७/ तरीही ते रेणूंचे बिलगणे गावातल्या तपासणीत डोळ्यांनी दिसते. विद्राव्यता चाचणीत रक्ताचा थेंब रसायनात मिसळतात. प्राणवायू निघून जातो, सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. मात्र रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे कळण्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते.

८/ अल्फाफोल्डसारख्या साधनांना एका अमिनो आम्लाच्या बदलाचा परिणाम ओळखणे अजूनही अवघड जाते. सिकलसेलचे कोडे नेमके अशाच एका बदलाचे. आणि ज्या आजाराचे रेणुपातळीवरील कारण इतक्या लवकर कळले, त्याच्या रुग्णाला आजही हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित मिळावी म्हणून वाट पाहावी लागत असेल, तर तो प्रश्न संगणकाचा नाही. ज्ञान कधी मिळाले याची तारीख इतिहास लिहितोच. ते कोणापर्यंत केव्हा पोचले, हीही तारीख आपण लिहिली पाहिजे.