टर्बाइनचे पाते आणि निकेल मिश्रधातूंचे तप्त विरूपण : एक ऐतिहासिक विवेचन

जेट इंजिनाचा इतिहास बहुधा फ्रँक व्हिटल आणि हान्स फॉन ओहाइन यांच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ओहाइन यांच्या इंजिनावर हाइंकेल १७८ हे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. व्हिटल यांच्या इंजिनावरील ग्लॉस्टर विमान १५ मे १९४१ रोजी. हा क्रम खरा असला, तरी युद्धकाळात ही इंजिने किती तास टिकली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर बऱ्याच अंशी टर्बाइनच्या पात्याच्या धातूत आहे. प्रस्तुत लेखात त्या धातूच्या तप्त अवस्थेतील वर्तनाचा इतिहास पाहावयाचा आहे.

थंड धातूवर बेताचा भार टाकला असता तो किंचित ताणून थांबतो. तापमान पुरेसे वाढले की मात्र भार तोच असूनही धातू तासागणिक लांबत राहतो. यास विसर्पण, अभियंत्यांच्या बोलीत क्रीप, असे म्हणतात. अँड्राडे यांनी १९१० मध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला तो प्रामुख्याने शिशाच्या तारांवर. कारण शिशाच्या दृष्टीने खोलीचे तापमानही उच्चच असते. टर्बाइनचे पाते तापून लाल झालेले असताना मिनिटाला हजारो फेरे घेते. केंद्रोत्सारी बलाने ते अल्पसे जरी लांबले, तरी टोक कवचाला घासते.

व्हिटल यांच्या प्रारंभीच्या इंजिनांत पोलादी पाती होती व ती अपुरी पडत होती. माँड निकेल कंपनीतील एल. बी. फाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियम ही जुनीच मिश्रधातू हाती घेतली. विजेच्या शेगडीची तार हिचीच असते. तीत अल्प टायटॅनियम मिसळून १९४१ मध्ये निमोनिक ८० सिद्ध झाली.

जर्मनीची अडचण निराळी होती. ब्रिटनला कॅनडाचे निकेल उपलब्ध होते; जर्मनीची भिस्त उत्तर फिनलंडमधील पेट्सामोच्या खाणींवर होती व त्या ऑक्टोबर १९४४ मध्ये हातच्या गेल्या. यूमो ००४ इंजिनाच्या पात्यांत निकेल टाळून मँगॅनीज वापरावे लागले आणि ती पोकळ करून हवेने थंड ठेवावी लागली. या इंजिनाचे आयुष्य साधारण १० ते २५ तास होते. ब्रिटिश वेलँड इंजिनास दुरुस्तीपूर्वी १८० तास मिळत. सर्व दोष पात्यांचा नव्हता, कारण ज्वलनकक्षही साध्या पोलादाचे होते. तथापि या तफावतीवरून जर्मन अभियंत्यांना कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. टंचाईतून त्यांनी अवलंबिलेला पोकळ पात्याचा मार्ग पुढे सर्वत्र रूढ झाला.

निमोनिक बळकट का, हे मात्र ती वापरात आल्यानंतरच नीट उमगले. टायटॅनियम व अॅल्युमिनियम यांच्यामुळे निकेलच्या पोटात गॅमा प्राइम नावाचे कण तयार होतात. ते इतके सूक्ष्म होते की प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला दिसत नसत. स्फटिकातून सरकणाऱ्या दोषरेषांना, म्हणजे ज्यांच्या हालचालीने धातू विरूप होतो त्यांना, हे कण अडवून धरतात. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, या कणांच्या संयुगाचे बळ तापमानासह घटण्याऐवजी काही मर्यादेपर्यंत वाढते. वेस्टब्रुक यांनी १९५७ मध्ये कठिनतेच्या मापनातून हे दाखवून दिले.

कण बळकट झाले तेव्हा दुबळेपणा कणसीमांवर, म्हणजे धातूतील स्फटिक जेथे एकमेकांना भिडतात तेथे, उघडा पडला. भाराला आडव्या असलेल्या सीमांवर पोकळ्या पडून पाते तुटे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर यांनी १९६० च्या दशकात ओतीव धातू एकाच दिशेने गोठवून या आडव्या सीमा काढून टाकल्या. पुढे संपूर्ण पातेच एकस्फटिक झाले. सीमाच उरल्या नाहीत, म्हणून त्यांना बळकटी देणारे कार्बन, बोरॉन हे घटकही बव्हंशी वगळता आले. त्यांच्या अभावी मिश्रधातूचा वितळण्याचा आरंभ अधिक तापमानावर गेला. प्रवासी विमानांच्या इंजिनांत अशी पाती १९८२ मध्ये आली.

भारतात हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने ही विद्या आत्मसात केली. हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० एकस्फटिक पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडे सुपूर्द झाली ती २०२१ मध्ये.