मोहरी, मिरची आणि चेतातंतूंचे निरोप

आपल्या पाठ्यपुस्तकात चेतासंस्था एका प्रकरणात येते आणि रोगप्रतिकार दुसऱ्या. शिकवण्याच्या सोयीसाठी हे ठीकच आहे. पण संशोधकांनीही या दोन संस्था बराच काळ वेगवेगळ्याच मानल्या होत्या. हा समज बदलला कसा, याच्या इतिहासात मोहरी आणि मिरची या आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंना मोठे स्थान आहे.

मेरुरज्जूच्या मागच्या मुळांतून जाणारे संवेदी चेतातंतू बाहेरची बातमी आत नेतात, असे आपण शिकवतो. १९०१ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस यांनी कुत्र्याची ही मुळे विजेने चेतवली, तेव्हा त्याच्या मागच्या पायातील रक्तवाहिन्या रुंदावल्या. म्हणजे बातमी आणणारा जासूद उलट वाटेने हुकूमही पोचवत होता!

१९१३ साली निनियन ब्रूस यांनी मोहरीतील झणझणीत द्रव्य वापरून केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. हे द्रव्य डोळ्याच्या आवरणाला लावले की डोळा लाल होऊन सुजतो. चेतातंतू नुकताच कापलेला असला तरीही हा दाह होतो. मात्र कापल्यानंतर काही दिवस जाऊ दिले आणि तंतूंची टोके झडून गेली, की तेच द्रव्य लावूनही दाह होत नाही. वर्गात या दोन निरीक्षणांपाशी जरूर थांबावे. पहिले सांगते, की दाहाला मेंदूची गरज नाही. दुसरे सांगते, की तंतूची जिवंत टोके मात्र हवीत.

पुढे हंगेरीतील सेगेड येथे मिक्लोश यांचो यांनी मिरचीतील कॅप्सेसिन हाती घेतले. उंदरांना ते वारंवार टोचल्यावर त्यांचे वेदनावाहक तंतू निकामी झाले. मग त्वचेला दाहक द्रव्य लावूनही सूज येईना. यांचो १९६६ मध्ये वारले. हे काम पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.

तंतूंच्या टोकांतून पाझरते ते काय? याचे उत्तर खरे तर १९३१ पासूनच संशोधकांच्या हाती होते. त्या वर्षी ऊल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून रक्तदाब उतरवणारा एक अर्क मिळवला होता. त्याला ‘सब्स्टन्स पी’ असे नाव पडले. पुढे चार दशके त्याची रचना कळली नाही. अमेरिकेत सुसान लीमन वेगळेच संप्रेरक शोधत होत्या. गाईगुरांच्या मेंदूतून काढलेल्या त्यांच्या अर्काने उंदरांच्या तोंडाला लाळ सुटू लागली. हा पदार्थ म्हणजेच सब्स्टन्स पी निघाला. तो ११ अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे पेप्टाइड आहे, हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. १९७९ मध्ये ऑस्ट्रियातील लेम्बेक आणि होल्झर यांनी चेतातंतूंमुळे होणाऱ्या दाहाशी त्याचा संबंध जोडून दाखवला.

येथवर गोष्ट रक्तवाहिन्यांचीच होती. १९८३ मध्ये पायान, गोएट्झल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सब्स्टन्स पीमुळे माणसाच्या टी-लसिकापेशींची वाढ चेतवली जाते. चेतातंतूचा निरोप प्रतिकारपेशीला थेट ‘वाचता’ येत होता. पुढच्याच वर्षी उंदरांच्या संधिदाहाची तीव्रता या पेप्टाइडने वाढते, हेही दिसले.

मात्र सगळे निरोप ‘पेटवा’ असे नसतात. १९७० मध्ये सईद आणि मुट यांनी डुकराच्या आतड्यातून मिळवलेले ‘व्हीआयपी’ हे पेप्टाइड दाह आवरते, असे पुढे आढळले. २०१३ मध्ये तर आणखी नवल दिसले. काही जिवाणू वेदनातंतूंना थेट चेतवतात, आणि त्या तंतूंतून सुटणारे पेप्टाइड प्रतिकारपेशींना आवर घालते. वेदना होते तेथे प्रतिकार वाढतोच, असे नाही.

म्हणून आम्हांला एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. ‘मन प्रसन्न ठेवा, रोग होणारच नाही’ असे सांगताना या संशोधनाचा दाखला दिला जातो. त्यातून तसे काही सिद्ध होत नाही. सब्स्टन्स पीचा ग्राहक अडवणाऱ्या औषधांनी वेदना थांबतील, अशी शास्त्रज्ञांचीही अपेक्षा होती. माणसांवरील चाचण्यांत ती फोल ठरली. त्यांपैकी अ‍ॅप्रेपिटंटला २००३ मध्ये मान्यता मिळाली, ती कर्करोगाच्या औषधोपचारात होणाऱ्या उलट्या रोखण्यासाठी.

एक सोपा प्रयोग वर्गात करता येईल. आपल्याच हातावर पट्टीच्या बोथट कडेने जरा दाबून रेघ ओढावी. आधी रेघ लाल होते, मग लाली रेघेच्या बाजूंना पसरते. काहींची त्वचा थोडी फुगतेही. थॉमस लुईस यांनी १९२७ साली याचे सविस्तर वर्णन केले होते. पट्टी रेघेवरच टेकली, मग लाली बाहेर कशी पसरली? ब्रूस यांची दोन निरीक्षणे फळ्यावर लिहावीत आणि उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.